काचेच्या पेटीतील पाणी

त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावलेली वैतरणा नदी पश्चिमेकडे वाहत येऊन पालघर जिल्ह्यात समुद्राला मिळते. तिचा शेवटचा भाग म्हणजे एक रुंद खाडीच होय. विरारहून उत्तरेकडे जाणारी आगगाडी वैतरणा स्थानक सोडते आणि थोड्याच वेळात पुलावर येते. त्या वेळी खिडकीतून खाली पाहिले, तर कधी काठोकाठ भरलेले करडे पाणी दिसते, तर कधी नुसते चिखलाचे लांबच लांब पट्टे आणि मधून वाहणारी पाण्याची एक अरुंद वाट. हा फरक ऋतूचा नव्हे, काही घटकांचा आहे. सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने येथे भरती येते आणि दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी लागते. उधाणाच्या दिवसांत पाणी फार चढते, भांगाच्या दिवसांत थोडे. पण ते यायचे व जायचे थांबत नाही. पावसाळ्यात डोंगरातून येणारा लोंढा त्यात भर घालतो.

या खाडीत बोय आहेत, कोळंबी आहे, चिंबोऱ्या आहेत, ओल्या चिखलावर उड्या मारीत फिरणाऱ्या निवट्या आहेत. त्यांनी केलेली घाण कोणी उपसून टाकीत नाही आणि त्यांच्यासाठी ताजे पाणीही कोणी भरीत नाही. ते काम भरती-ओहोटी करते.

घरातील काचेच्या पेटीत ठेवलेल्या माशांची गोष्ट निराळी आहे. तेथे नदी येत नाही. तेथे भरतीही माणसानेच आणावयाची आणि ओहोटीही त्यानेच.

या खाडीपासून फार दूर नसलेल्या एका गावातील एक घर डोळ्यांपुढे आणा. घरात आजोबा, आजी, आईवडील आणि सातवीत शिकणारी एक मुलगी. मुलीच्या हट्टाखातर वडिलांनी एक मोठी काचेची पेटी आणली. घरातील सर्व जण तिला फिश टँक म्हणत. ती १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच होती. काठापासून थोडी जागा सोडून ५५ सेंटिमीटरपर्यंत तीत पाणी भरले. लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार केला, म्हणजे २,९७,००० घनसेंटिमीटर हे उत्तर येते. १,००० घनसेंटिमीटर म्हणजे एक लिटर. तेव्हा पेटीत जवळजवळ ३०० लिटर पाणी मावले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. म्हणजे त्या देखण्या पेटीत तीन क्विंटल ओझे होते! दुकानदाराने लोखंडी चौकटीचे भक्कम मेज घेण्याचा आग्रह का धरला, हे घरच्या लोकांना तेव्हा कळले.

पेटीत अकरा गोल्डफिश सोडले. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी काढावे आणि तेवढेच नवे भरावे, असे दुकानदाराने सांगितले होते. चौथा हिस्सा म्हणजे ७५ लिटर. पंधरा लिटरांच्या बादल्या धरल्या, तर पाच बादल्या बाहेर न्यावयाच्या आणि पाच आत आणावयाच्या. एकूण दीड क्विंटल पाणी उचलावयाचे. पहिले दोन रविवार हौसेत गेले. तिसऱ्या रविवारी ओसरीवर पाणी सांडले आणि आजीचा पाय घसरता घसरता राहिला. चौथ्या रविवारी आजोबांची कंबर धरली. मग पावसाळा लागला. आज नको, पुढच्या रविवारी पाहू, असे होता होता बारा आठवडे लोटले. पाणी वरून स्वच्छच दिसत होते. मासे खात होते, फिरत होते. तेव्हा काही बिघडले आहे, असे कोणाच्याही मनात आले नाही.

दिवाळी जवळ आली. घराची झाडलोट निघाली, तशी पेटीचीही निघाली. सर्वांनी मिळून एका दिवसात सगळे पाणी उपसले. वाळू नळाखाली खळखळून धुतली. पाणी गाळण्याच्या यंत्रातला स्पंजही पिळून पिळून अगदी नव्यासारखा केला. नळाचे ताजे, थंड पाणी काठोकाठ भरले आणि मासे पुन्हा आत सोडले. पेटी आरशासारखी लखलखू लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरांपैकी सात मासे मेले.

मुलगी फार रडली. "अगं, आपण तर त्यांच्यासाठी एवढी स्वच्छता केली," असे आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांचेही खरेच होते. स्वच्छतेनेच मासे कसे मेले, हे कोडे मुलगी सुट्टी संपताच शाळेत विज्ञानाच्या बाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी जे समजावून सांगितले, ते पेटीत मासे पाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. मासा जे खातो, त्यातून त्याच्या शरीरात अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात बाहेर पडतो. उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. हा पदार्थ माशांना विषासारखा आहे. पण पेटीतील वाळूवर, काचेवर आणि विशेषेकरून गाळणीच्या स्पंजावर डोळ्यांना न दिसणारे जीवाणू वस्ती करून असतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळच सौम्य होय. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने अशा जीवाणूंचे हे कार्य प्रयोगाने उलगडून दाखविले. शेतातील मातीतही हीच क्रिया चालते आणि पिकांना नायट्रेट मिळते. नदीत व शेतात ते वनस्पती घेतात, पाणी वाहून नेते. काचेच्या पेटीत मात्र ते साठतच राहते. ते बाहेर काढण्याचा साधा उपाय म्हणजे थोडे पाणी बदलणे.

तर मग दिवाळीच्या सफाईत चुकले कोठे? एकाच ठिकाणी नव्हे, चार ठिकाणी चुकले. स्पंज आणि वाळू नळाखाली धुतल्यामुळे जीवाणूंची वस्तीच वाहून गेली. अमोनियाचा बंदोबस्त करणारे कोणी उरले नाही. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरिन मिसळलेला असतो. गावातील विहिरीत किंवा टाकीत ग्रामपंचायत जी टीसीएल पावडर टाकते, तिचेही काम तेच. माणसाच्या आरोग्यासाठी ते अवश्य आहे. परंतु माशांचे नाजूक कल्ले त्याने पोळतात आणि उरलेसुरले जीवाणूही मरतात. तिसरी गोष्ट म्हणजे एकदम थंड पाणी. माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते, त्यामुळे असा अचानक फरक त्याला सोसत नाही. आणि चौथी गोष्ट सर्वांत फसवी आहे. बारा आठवडे न बदललेले पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते. अशा पाण्यात अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात राहतो आणि माशांनाही त्या पाण्याची सवय होते. तेथे एकाएकी सगळेच निराळे पाणी आले, म्हणजे नव्या पाण्यात बाहेर पडणारा अमोनिया त्याच्या विषारी रूपात राहू लागतो. घरचे लोक ज्याला घाण पाणी म्हणत होते, त्यात मासे कसेबसे जगत होते. स्वच्छ पाण्यात ते मेले.

एके काळी जाणकार लोकही पाणी बदलू नये असेच मानीत. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये एका पात्रात दोन गोल्डफिश, वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगायी ठेवल्या. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, गोगलगायींनी सडलेली पाने खावीत आणि माशांनी सुखाने जगावे, असा तो मेळ होता. १८५० साली त्याने आपला अनुभव प्रसिद्ध केला. पुढे कित्येक वर्षे लोकांचा समज असा होता, की असा तोल एकदा साधला की पाणी कधीच बदलावयास नको. जुने पाणी मुरलेल्या लोणच्यासारखे चांगले! वॉरिंग्टनच्या पात्रात मासे दोनच होते, हे मात्र पुष्कळ जण विसरले. मासे थोडे आणि वनस्पती भरपूर असतील, तर हा तोल बराच काळ टिकतो. अकरा माशांच्या पेटीत तो टिकत नाही.

बाईंनी फळ्यावर एक हिशेब मांडला. आठवडाभरात पाण्यात जेवढे नायट्रेट साठते, त्याला एक वाटा म्हणा. पाणी मुळीच बदलले नाही, तर बारा आठवड्यांनी बारा वाटे होतील. आता दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलत गेले, तर काय होईल? पहिल्या काही आठवड्यांत साठा वाढेल. पण साठा जसा वाढेल, तसा बदललेल्या पाण्याबरोबर जाणारा भागही वाढेल. शेवटी साठा चार वाटे झाला, म्हणजे त्याचा चौथा हिस्सा, अर्थात एक वाटा, बाहेर जाईल, तीन उरतील, आठवड्यात एक वाटा नवा येईल आणि पुन्हा चार होतील. येथे वाढ थांबते. दर आठवड्याला अर्धे पाणी बदलले, तर ती दोन वाट्यांवर थांबते. थोडे थोडे, पण न चुकता बदललेले पाणी किती काम करते, हे या आकड्यांवरून मुलीला दिसले. "आणि बाई, बारा आठवडे चुकलेच असतील तर?" तिने विचारले. बाई म्हणाल्या, "तर एकदम सगळे काढायचे नाही. आज चौथा हिस्सा काढला की बारांचे नऊ होतील. दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढला की पावणेसात. मग पाचांच्या आसपास. माशांनाही सवय होत जाते."

हिशेब पटला, परंतु बादल्यांचे ओझे हिशेबाने हलके होत नव्हते. न चुकता करावयाचे काम जर जड असेल, तर ते चुकणारच. आजोबांची कंबर आणि आजींची ओसरी यांचा विचार केल्यावाचून पेटीतील चार मासे वाचणार नव्हते.

येथे पुन्हा वैतरणा नदीकडे वळले पाहिजे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या मोठ्या जलाशयांपैकी मोडकसागर हा याच नदीवर आहे. १९५७ साली तो पुरा झाला आणि मुंबई महानगरपालिकेचे अभियंते मोडक यांचे नाव त्याला मिळाले. त्याच्याही वर, डोंगराच्या अंगास, ऊर्ध्व वैतरणा जलाशय आहे. तो १९७३ सालचा. मोडकसागर पूर्ण भरला, म्हणजे त्याची पातळी १६३ मीटरांच्या वर असते आणि ऊर्ध्व वैतरणेची ६०३ मीटरांच्या वर. मुंबई आहे समुद्रकाठी. त्यामुळे तेथून निघालेले पाणी मोठमोठ्या नळांतून व बोगद्यांतून उताराच्या जोरावरच भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे येते. लाखो बादल्या पाणी मैलोगणती चालत जाते आणि ते कोणी डोक्यावर वाहून नेत नाही. उंचावरच्या पाण्याला खाली जाण्याची वाट करून दिली की पुरे.

घरातील पेटी मेजावर होती. पाण्याचा पृष्ठभाग जमिनीपासून सुमारे १३० सेंटिमीटर उंच होता आणि घराचे जोते धरले, तर अंगण आणखी खाली होते. म्हणजे पेटी हाही एक लहानसा मोडकसागरच! अडचण एवढीच, की पाण्याला वाट करून देण्यासाठी काचेला भोक पाडणे धोक्याचे होते. पाणी काचेच्या काठावरून वर चढून मग खाली उतरले पाहिजे. ही युक्ती पुरातन आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने तिचे वर्णन केले आहे. आपल्याकडे वासुदेवाच्या प्याल्यात तीच युक्ती आढळते. प्याल्याच्या मध्यभागी बाळकृष्णाला घेऊन उभा असलेला वासुदेव असतो. पाणी ओतीत गेले, म्हणजे ते चढत चढत कृष्णाच्या पायाला लागते आणि लगेच सगळे तळातून निघून जाते. जणू यमुनाच ओसरली. मूर्तीच्या पोटात एक वाकवलेली नळी दडविलेली असते. या नळीला वक्रनळी म्हणतात. बाजारात सायफन म्हटले तरी चालते.

वक्रनळीचे एक तोंड पेटीतील पाण्यात बुडवावे व दुसरे पेटीतील पाण्याच्या पातळीहून खाली सोडावे. नळी आधीच पाण्याने पूर्ण भरलेली असली पाहिजे. बाहेरच्या लांब फाट्यातील पाणी आपल्या भाराने खाली येऊ लागते. त्याच्या मागे नळीत पोकळी राहू नये म्हणून पेटीच्या पृष्ठभागावरील हवेचा दाब आतील पाणी नळीत वर ढकलतो. प्रवाह सुरू झाला, म्हणजे बाहेरचे तोंड खाली असेपर्यंत आणि आतले तोंड पाण्यात असेपर्यंत तो थांबत नाही. हवेच्या दाबाला मर्यादा आहे, म्हणून वळण पाण्याच्या पृष्ठभागापासून सुमारे दहा मीटरांहून उंच असेल, तर साधी वक्रनळी चालत नाही. घरातील पेटीचा काठ तर वीतभरही वर नसतो.

पुष्कळ लोक तोंडाने ओढून ही नळी सुरू करतात. ती सवय वाईट. पेटीतील पाण्यात रोगजंतू असतात आणि एक घोट तरी पोटात जातोच. मुलीच्या वडिलांनी सहा मीटर लांबीची, अर्ध्या इंचाची पारदर्शक नळी आणली. अंगणातील नळाच्या तोटीला लावून ती पाण्याने भरली, दोन्ही टोके अंगठ्यांनी घट्ट दाबली, एक टोक पेटीत बुडवून तेथील अंगठा काढला आणि दुसरे टोक अंगणात केळीच्या आळ्यात नेऊन मग तेथील अंगठा काढला. पाणी वाहू लागले. दहा-बारा मिनिटांत ७५ लिटर पाणी बाहेर गेले. एकही बादली उचलावी लागली नाही. नळी याच्या दुप्पट रुंद घेतली असती, तर तिच्या तोंडाचे क्षेत्र चौपट झाले असते, पाण्याचे घर्षण कमी झाले असते आणि चौपटीहूनही अधिक वेगाने पेटी रिकामी झाली असती. पण एवढी घाई कशाला? जोराच्या ओढीत एखादा मासा नळीच्या तोंडाशी चिकटला तर?

यावर आजोबांनी एक उपाय काढला. पाण्याच्या एका बाटलीचा तळ कापून तिची मान नळीत घट्ट बसवली. बाटलीचे तोंड रुंद असल्यामुळे तेथे पाण्याचा वेग मंद होतो. ती वाळूत टेकविली, की वाळू थोडी वर उसळून आपल्या जडपणाने परत खाली बसते आणि हलकी घाण तेवढी पाण्याबरोबर निघून जाते. कापलेल्या कडेवर त्यांनी सँडपेपर घासला, म्हणजे माशांना ओरखडा उठू नये.

आता एक भय उरले होते. नळी चालू आहे आणि कोणी हाक मारली म्हणून मुलगी बाहेर गेली, तर? नळी काही तिची वाट पाहत थांबणार नाही. ती शेवटच्या घोटापर्यंत पेटी रिकामी करील. अशी दुर्घटना थांबविण्यासाठी पुन्हा आकडे कामी आले. पेटीची लांबी १२० आणि रुंदी ४५ सेंटिमीटर. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली, की ५.४ लिटर पाणी जाते. ७५ लिटर काढावयाचे, तर पातळी सुमारे १४ सेंटिमीटर उतरली पाहिजे. काचेवर तेथे रंगीत चिकटपट्टीची खूण केली. नळीचा जो भाग पेटीच्या आत काठाला चिमट्याने अडकविलेला असे, त्यावर बरोबर त्या खुणेच्या उंचीवर वडिलांनी तापलेल्या खिळ्याने एक भोक पाडले. भोक पाण्यात बुडलेले असेपर्यंत त्यातून थोडे पाणीच आत येते. पातळी खुणेखाली उतरली, की भोक उघडे पडते, तेथून हवा आत ओढली जाते, पाण्याची साखळी तुटते आणि प्रवाह आपोआप थांबतो.

पहिल्या खेपेस मात्र तो थांबला नाही. भोक इतके बारीक झाले होते, की हवेचे बुडबुडे पाण्याबरोबर वाहत निघून गेले आणि पाणी चालूच राहिले. मुलगी समोर बसलेली होती म्हणून बरे. भोक थोडे मोठे केल्यावर युक्ती साधली. कोणतीही अशी सोय केली, तर तिची परीक्षा स्वतः समोर उभे राहून आधी घ्यावी, हे त्या दिवशी घरात ठरले.

ओहोटीची व्यवस्था झाली; भरतीची राहिली. बाहेर जाणारे पाणी उतारावर होते, पण नवे पाणी १३० सेंटिमीटर चढवावयाचे होते. शिवाय ते नळातून थेट घालून चालणार नव्हते. म्हणून पेटीच्या शेजारी कोपऱ्यात शंभर लिटरांचे रुंद तोंडाचे पिंप आणून ठेवले. शनिवारी सकाळी नळाला पाणी आले, की लांब नळीने ते पिंप भरावयाचे आणि त्यावर नुसते पातळ फडके टाकून रविवारपर्यंत ठेवावयाचे. चोवीस तासांत पाण्यातील क्लोरिन बराचसा उडून जातो. मधून मधून पाणी ढवळले, तर लवकर जातो. काही शहरांत क्लोरिनऐवजी क्लोरॅमिन वापरतात. ते मात्र असे ठेवून जात नाही, त्यासाठी मासेविक्रेत्यांकडे मिळणारे औषध घालावे लागते. त्या औषधात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. हाच पदार्थ पूर्वी छायाचित्रकार ‘हायपो’ या नावाने वापरीत. पावसाळ्यात टीसीएलचा डोस वाढवितात आणि पाण्याला उग्र वास येतो. अशा वेळी पाणी दोन दिवस ठेवावे आणि औषधही घालावे, हे बरे. पिंप घरातच असल्यामुळे त्यातील पाणी आणि पेटीतील पाणी यांचे तापमानही एकसारखे होते. थंडीच्या दिवसांत थर्मामीटर लावून पाहावे. दोन अंशांहून अधिक फरक नसावा.

खाडीकाठच्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. उन्हाळ्यात तेथील कित्येक विहिरींचे पाणी मचूळ होते. जिभेला ते थोडेसेच खारट लागते, पण गोड्या पाण्यातील माशांना तो फरक जाणवतो. विहीर बदलली किंवा टँकर आला, तर पहिल्या आठवड्यात चौथ्या हिश्श्याऐवजी आठवा हिस्साच बदलावा.

पिंपातील पाणी वर चढविण्यासाठी आधी वडिलांच्या मनात पिंपच माळ्यावर ठेवावे असे आले होते. आजींनी तो बेत मोडून काढला, आणि योग्यच केले. शंभर किलोंचे ओझे माणसांच्या डोक्यावर टांगणे हा शहाणपणा नव्हे. त्याऐवजी कूलरमध्ये असते तशी पाण्यात बुडवायची छोटी मोटर आणली. ती पिंपाच्या तळाशी ठेवली व तिची नळी पेटीच्या काठावर चिमट्याने घट्ट बसविली. नळीचे टोक पेटीतील पाण्यात बुडू दिले नाही; ते पाण्याच्या वर, एका बशीवर सोडले. बुडू दिले असते, तर मोटर बंद होताच तीच नळी वक्रनळी बनून पेटीतील पाणी परत पिंपात आणू लागली असती! बशीमुळे वाळूही उसळत नव्हती. मोटर चालू-बंद करण्याचे काम वडिलांकडे होते. विजेची तार पाण्यावरून येऊ नये, ती आधी खाली लोंबून मग प्लगकडे वर जावी, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी प्लगात शिरत नाही. आणि पेटीत हात घालण्यापूर्वी गाळणी, दिवा व मोटर या सर्वांचे प्लग काढावेत, हा नियम त्यांनी भिंतीवर लिहूनच लावला.

तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झाले. तेथे यंत्रांतील वाफ थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी सतत आत घ्यावे लागते व बाहेर सोडावे लागते. वडील त्याच भागात बोईसरला नोकरीस होते. पिंपाजवळ उभे राहून ते हसत म्हणत, "आमच्याकडे पंप, तुमच्याकडेही पंप."

बाहेर जाणाऱ्या पाण्याचाही उपयोग होऊ लागला. त्यातील नायट्रेट हे माशांना नको असले, तरी झाडांना हवेच असते. केळी, अळू व कर्दळ यांची आळी त्या पाण्यावर वाढू लागली. माशांच्या औषधासाठी पाण्यात मीठ घातलेले असेल, त्या आठवड्यात मात्र ते झाडांना घालू नये. एक गोष्ट मात्र कधीच करू नये: पेटीतील मासे, गोगलगायी किंवा वनस्पती ओढ्यात वा नदीत सोडू नयेत. जांभळ्या फुलांची जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच सगळीकडे गेली आणि आज आपले तलाव व नद्या तिने भरल्या आहेत. काच चाटून स्वच्छ करणारा सकर मासाही लोकांनी पेट्यांतून बाहेर सोडल्यामुळे आपल्या देशातील पाण्यात पसरला आहे. परका जीव नदीत रुजला, की तेथील बोयांना आणि मळ्यांना त्याची किंमत द्यावी लागते.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. त्या नावावरून या भागातील माणसाला तारापूर गाव आठवल्यावाचून राहत नाही. आजोबा लहानपणी शाळेच्या सहलीतून तेथे गेले होते. काचेमागचे मासे त्यांनी तासभर पाहिले. पाणी कोणी व कसे बदलले, हे विचारण्याचे मात्र त्यांना तेव्हा सुचले नव्हते.

पुढच्या जून महिन्यापर्यंत ते चार मासे जगले आणि वाढलेही. नवे मासे आणावयाची घाई मुलीने केली नाही. तिने एक वही घातली होती. तीत दर रविवारची तारीख, काढलेले पाणी, पिंपातील व पेटीतील पाण्याचे तापमान आणि माशांची संख्या असे रकाने होते. संख्येच्या रकान्यात प्रत्येक ओळीवर ४ हा आकडा होता. जुलैत एका रविवारची ओळ मात्र कोरी राहिली. त्या दिवशी वैतरणेला पूर आला होता, वीज गेली होती आणि नळाच्या पाण्याला टीसीएलचा उग्र वास होता. पाणी बदलावे की न बदलावे, यावर घरात बराच वेळ चर्चा झाली. शेवटी आजोबा म्हणाले, "बाळ, आठ दिवसांनी काही चाराचे बारा होत नाहीत, पाचच होतील." मुलीने बोटांवर हिशेब करून पाहिला, वही मिटली, माशांना नेहमीपेक्षा निम्मेच खाणे घातले आणि पिंपावरचे फडके नीट ओढून ठेवले.